उलटसुलट काळातल्या युद्धकादंबरीवर निबंध लिहायचाय? मग मदत अशी मागा

"कादंबरी वाचली पण काही टोटलच लागली नाही, निबंध परवा द्यायचाय, कोणी समजावून सांगेल का प्लीज" असा मेसेज मला वर्षातून दोनचारदा तरी येतोच, ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा, आणि बहुतेक वेळा पुस्तक ठरलेलं असतं, कर्ट व्हॉनेगटचं स्लॉटरहाउस-फाइव्ह. क्वचित जोसेफ हेलरची कॅच-२२ ही युद्धकादंबरी. मी काही शिक्षक बिक्षक नाही हां, ही पुस्तकं बरेचदा वाचलीयेत एवढंच, आणि पहिल्यांदा वाचताना सपशेल तोंडावर आपटलोय. स्लॉटरहाउसचं पहिलं प्रकरण मी प्रस्तावना समजून सोडून दिलं होतं! तिथे लेखक स्वतःच बोलत असतो, रात्री दारू पिऊन जुन्या मित्रांना फोन लावतो, पुस्तक कसं जमत नाहीये ते सांगत बसतो, मला वाटलं हे काही आपल्या कामाचं नाही. नेमकी किल्ली तिथेच होती.

तर आधी मदत मागायची पद्धत बदला. "समजावून सांगा" म्हटलं की समोरचा माणूस काय करणार, सारांश सांगणार. बिली पिलग्रिम नावाचा पोरगा, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडतो, ड्रेस्डेनला कत्तलखान्यात कैदी म्हणून राहतो, शहर बॉम्बने जळतं, हा वाचतो, घरी येऊन चष्म्याचा डॉक्टर होतो वगैरे. सगळं बरोबर आहे, पण लेखकाने मेहनतीने विस्कटलेली गोष्ट तुम्ही पुन्हा इस्त्री करून सरळ केलीत, आणि निबंध तर त्या विस्कटण्यावरच लिहायचाय. म्हणून सारांश तुमचा तुम्ही करा, तो सोपा असतो. मदत मागायची ती "हे इथेच का सांगितलं?" या प्रश्नावर.

आता हा प्रश्न हातात यायचा कसा, तर त्याची युक्ती लेखकानेच देऊन ठेवलीये. पहिल्या प्रकरणात तो सांगतो की गोष्टीचा सगळ्यात झकास आराखडा त्याने वॉलपेपरच्या मागच्या बाजूला काढला होता, मुलीचे खडू घेऊन, प्रत्येक पात्राला वेगळा रंग. रेघा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, एखादं पात्र मेलं की त्याची रेघ तिथेच संपते. ड्रेस्डेनचा विध्वंस म्हणजे नारिंगी रंगाचा उभा पट्टा, आणि जे जिवंत राहिले त्यांच्या रेघा त्यातून पलीकडे जातात. म्हणजे सरळ रेघ या माणसाकडे होती! तरीही ते सरळ पुस्तक त्याने लिहिलं नाही.

तुम्हीही तेच करा. लांब कागद घ्या, चारपाच पानं चिकटवलीत तरी चालेल, आणि बिलीचं आयुष्य कॅलेंडरप्रमाणे मांडा. १९२२ जन्म, १९४४ च्या शेवटी पकडला जातो, फेब्रुवारी १९४५ ड्रेस्डेन, १९४८ हॉस्पिटल, १९६७ मुलीचं लग्न आणि त्याच रात्री परग्रहावरच्या लोकांनी पळवणं, १९६८ विमान अपघात, १९७६ मृत्यू. खाली दुसऱ्या रंगाने लिहा की हीच गोष्ट पुस्तकात कितव्या प्रकरणात येते. सगळं नको, दहाबारा प्रसंग पुरे. मग वरच्या प्रसंगापासून खालच्या प्रकरणापर्यंत रेघा ओढा. रेघांचा नुसता गुंता होणार, आणि जिथे जास्त गुंता तिथे थांबायचं.

हे केल्यावर दिसतं काय बघा. १९४८ मध्ये बिली हॉस्पिटलमध्ये असताना शेजारच्या खाटेवरचा रोझवॉटर त्याला सायन्स फिक्शनचा नाद लावतो. परग्रहवाले त्याला नेतात ते १९६७ ला, आणि तो हे जगाला सांगायला लागतो ते १९६८ च्या अपघातात डोक्याला मार बसल्यानंतर. पुस्तक वाचताना हे तुकडे लांबलांब पडलेले असतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही, कागदावर मात्र क्रम लगेच दिसतो, आधी पुस्तकं, मग अपघात, मग परग्रहाच्या गोष्टी. म्हणजे ट्राल्फामडोर, हा तो परग्रह, खरा की बिलीने जगायला म्हणून रचलेला? पण लगेच "खोटंच आहे" असं ठोकून देऊ नका, कारण बिली काळातून पहिल्यांदा निसटतो, म्हणजे एका क्षणातून आयुष्यातल्या दुसऱ्याच क्षणात जाऊन पडतो, तो १९४४ मध्येच, जंगलात, ना पुस्तकं ना अपघात. आता हा झाला प्रश्न. दोन्ही बाजूंना पुरावा आहे, भांडता येतं.

दुसरं उदाहरण किटलीचं, माझं सगळ्यात लाडकं. पहिल्या प्रकरणात लेखक मित्राला सांगतो की पुस्तकाचा क्लायमॅक्स म्हणजे एडगर डर्बीला गोळ्या घालणं असेल. अख्खं शहर खाक झालंय आणि त्याच्या ढिगाऱ्यातली एक किटली उचलली म्हणून एका माणसाला रीतसर खटला चालवून मारतात. हा डर्बी शाळामास्तर, चव्वेचाळीस वर्षांचा, पोरांच्यात चुकून आलेला बाप्या. पुस्तकभर आपल्याला आठवण करून दिली जाते की हा मरणार आहे. मग शेवटचं, दहावं प्रकरण येतं, आता येणार तो क्लायमॅक्स, आणि बघतो तर काय, तीनचार वाक्यं! पकडला, खटला झाला, मारला, "सो इट गोज" (असं चालायचंच, हे पुस्तकात प्रत्येक मरणानंतर येणारं वाक्य), पुढे चला. मला पहिल्यांदा वाटलं पान गळलं की काय. पण याच निराशेला धरून निबंध लिहिता येतो. ज्याची एवढी जाहिरात केली ते तीन ओळींत का उरकलं? सिनेमात असतं तसं थरारक मरण लेखकाला द्यायचंच नाहीये का? की त्याच्याने ते सांगवतच नाही?

आणि एक जागा जी बहुतेक सगळ्यांच्या नजरेतून सुटते, आठवं प्रकरण. बिलीच्या लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी, चार जण एकत्र गाणं म्हणत असतात आणि याची अवस्था अशी होते की लोक विचारतात अरे भूत पाहिलंस का. तो माडीवर जातो, विचार करतो, आणि त्याला आठवतात ते ड्रेस्डेनचे चार जर्मन पहारेकरी, जळून गेलेलं शहर बघून तोंडं उघडी पडलेली, जणू मूकपटातली गाणारी चौकडी. इथे लेखक मुद्दाम सांगतो की बिली यावेळी काळात मागे गेला नाही, त्याला आठवलं. पुस्तकभर हा माणूस बटण दाबल्यासारखा इकडून तिकडे उडत असतो, आणि नेमकी त्या विध्वंसाची गोष्ट उडी मारून येत नाही, साधी आठवण म्हणून येते, दुखत दुखत. हा एक परिच्छेद नीट उकलून लिहिलात तर सगळ्या दहा प्रकरणांची धावती सफर करायची गरजच नाही, खरंच सांगतो.

उड्यांना जोडणारे टाकेही शोधा. नारिंगी-काळे पट्टे कैद्यांच्या रेल्वेवरही आहेत आणि मुलीच्या लग्नाच्या मांडवावरही. निळसर पांढरे पडलेले पाय मेलेल्या कैद्याचे, आणि घरात थंडीत अनवाणी बसलेल्या बिलीचेही. असे दोन सापडले तरी परिच्छेद उभा राहतो.

एवढं झालं की मग मदत मागा, आणि मेसेज साधारण असा टाका:

"नमस्कार मॅडम, मी स्लॉटरहाउस-फाइव्हवर लिहितोय. मला असं वाटतं की डर्बीचं मरण आधीच सांगून टाकल्यामुळे आपण 'पुढे काय होणार' हे विचारायचं सोडतो आणि 'कशासाठी' हे विचारायला लागतो. पहिल्या आणि दहाव्या प्रकरणातल्या ओळी काढून ठेवल्यात. पण पहिलं प्रकरण लेखकाचं आत्मकथन धरायचं की कादंबरीचाच भाग, इथे अडलोय. उद्या मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मिळतील का?"

असा मेसेज आला की समोरच्याला मदत करावीशी वाटते, कारण तुम्ही कुठपर्यंत पोचलात आणि कुठे अडलात ते दिसतं. ड्राफ्ट दाखवतानाही "कसा झालाय?" विचारू नका, लोक "छान झालाय" म्हणतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा, "कुठल्या वाक्यावर तुमचा विश्वास बसला नाही?"

चॅटबॉटचं काय, तर वापरता येतो, शाळेत चालत असेल तर. पण "निबंध लिहून दे" म्हणालात की तो तुम्हाला तीच इस्त्री केलेली गोष्ट देणार, वर कुठला प्रसंग कुठल्या प्रकरणात हे छातीठोकपणे चुकीचं सांगू शकतो, आणि अशा पुस्तकात प्रकरण चुकलं की मुद्दाच कोसळला. त्याला उलटं कामाला लावा. तुमचं म्हणणं टाका आणि म्हणा याच्या विरोधात तीन प्रश्न विचार. उत्तरं पुस्तकात तुम्ही शोधायची, बोट ठेवून.

दोन खड्डे सांगून ठेवतो. पहिला आकड्याचा. ड्रेस्डेनमध्ये १,३५,००० माणसं मेली असं कादंबरीत येतं, तेव्हाच्या एका पुस्तकावरून घेतलेला आकडा तो, आता इतिहासकार तो मानत नाहीत, खुद्द ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये जास्तीत जास्त २५,००० असा निष्कर्ष दिलाय. तेव्हा "कादंबरीत असं म्हटलंय" असं लिहा, "इतके मेले" असं नको. दुसरा पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनाला जडणाऱ्या आजाराचा. शब्द वापरा, चालतो, पण पुस्तक १९६९ चं आणि हे निदान अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं १९८० ला, त्यामुळे "लेखकाने पीटीएसडी दाखवलाय" एवढं लिहून मोकळं व्हायचं नाही. लेखकाकडे तो शब्द नव्हता, त्याच्याकडे "काळातून निसटणं" होतं, त्यावर लिहा. हां, आणि बिली म्हणजेच लेखक असंही लिहू नका, दोघं १९२२ चे, दोघंही ड्रेस्डेनला कैदी, पण लेखक मधूनच येऊन "तो मी होतो" असं म्हणतो तेव्हा तो बिलीच्या बाजूला उभा असतो, बिलीच्या आत नाही.

कॅच-२२ आलं असेल तर कागद तोच, फक्त तारखांऐवजी घरी सुटका होण्याआधी पुऱ्या करायच्या बॉम्बफेकीच्या उड्डाणांचा आकडा धरा. त्यांचा वरिष्ठ कर्नल कॅथकार्ट तो वाढवतच नेतो, चाळीस, पन्नास, साठ, ऐंशी, आणि प्रसंगात कितीचा आकडा आहे त्यावरून तो आधीचा की नंतरचा ते कळतं. विमानातल्या स्नोडेन नावाच्या सैनिकाच्या मरणाचे तुकडे जमा करा, ते पुस्तकभर पसरलेत आणि पूर्ण दृश्य येतं ४२ पैकी ४१ व्या प्रकरणात. नायक योसारियन त्याच्या मांडीच्या जखमेला मन लावून पट्टी बांधत असतो, आणि खरी जखम असते जॅकेटच्या आत. वाचकालाही आधी मांडीचीच जखम दाखवलेली असते, हे लिहायला विसरू नका.

आणि डेडलाईन उद्याच असेल, कागदबिगद चिकटवायला वेळ नसेल, तर स्लॉटरहाउसचं पहिलं, आठवं आणि दहावं प्रकरण आज रात्री पुन्हा वाचा, पेन्सिल हातात घेऊन, किटली जिथे जिथे येते तिथे खूण करा आणि सकाळी मॅडमना तेवढ्या खुणा दाखवा.