सराउंडमधले रॉक अल्बम: मिक्सला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची एसएसीडी (सीडीसारखी दिसणारी, वरच्या दर्जाची डिस्क) मी जवळजवळ चार महिने चुकीची ऐकली. अल्बमला तीस वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २००३ साली, ती निघाली आणि त्यावर ध्वनी-अभियंता जेम्स गथ्री यांनी केलेलं ५.१ मिक्स आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांत वाटलेला सराउंड आवाज. घरी रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) होता, पाच स्पीकर आणि सबवूफर होता, पाचांतूनही आवाज येत होता. तरी 'मनी'च्या सुरुवातीचा गल्ला आणि नाणी समोरच्या भिंतीलाच चिकटून बसलेली. मी मित्रांना सांगत सुटलो की हे मिक्स अगदीच बेताचं आहे.

दोष मिक्सचा नव्हता. ती डिस्क हायब्रिड आहे. तिच्यात एक थर साध्या सीडीचा, स्टिरिओ, आणि दुसरा एसएसीडीचा, ज्यात सराउंड आहे. माझ्या साध्या डीव्हीडी प्लेअरला फक्त सीडीचा थर वाचता येत होता. ते दोन चॅनेल रिसीव्हर स्वतःच्या हिशेबाने पाच स्पीकरांत वाटत होता. गथ्री यांचं काम मी ऐकलेलंच नव्हतं, आणि त्यावर मत मात्र देऊन मोकळा झालो होतो. याची मला अजूनही रुखरुख आहे.

तेव्हापासून डोंबिवलीपासून दादरपर्यंत बऱ्याच मित्रांच्या हॉलमध्ये मेजरटेप घेऊन बसलोय. 'मिक्स फसलंय' अशी तक्रार आली की कारण जवळपास दरवेळी प्लेअर, वायर, सेटिंग किंवा खोली यांतच सापडलं. त्यातल्या नेहमीच्या चुका इथे लिहितोय.

डिस्प्ले न वाचणं

सगळे स्पीकर वाजतायत म्हणजे सराउंड मिक्स लागलंय, ही सर्वांत मोठी गैरसमजूत. 'ऑल चॅनेल स्टिरिओ', 'डॉल्बी सराउंड', 'न्यूरल एक्स' असे मोड स्टिरिओ गाणंही पाचसात स्पीकरांत पसरवतात. रिसीव्हरवरचं इन्फो बटण दाबा आणि आत काय येतंय ते बघा. 'मल्टी चॅनेल', 'डीएसडी' (एसएसीडीचा सिग्नल), 'डॉल्बी ट्रू एचडी' किंवा 'डीटीएस एचडी मास्टर' दिसलं आणि चॅनेलांच्या चौकटीत मागचे दोन उजळले, तर ठीक. तिथे फक्त 'पीसीएम २.०' (म्हणजे दोनच चॅनेल) असेल तर तुम्ही स्टिरिओच ऐकताय.

असं दिसलं तर आधी डिस्कचा मेनू उघडा. अशा डिस्कवर स्टिरिओ, ५.१, कधी जुनं चार चॅनेलांचं क्वॉड आणि नवं, डोक्यावरूनही आवाज देणारं ॲटमॉस असे चारचार पर्याय असतात आणि हवा तो आपणच निवडायचा असतो. मग प्लेअरची सेटिंग. एसएसीडी वाजवणाऱ्या बहुतेक प्लेअरांत 'मल्टी' की 'टू चॅनेल' असा वेगळा पर्याय असतो. ब्लू-रे प्लेअरात 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' असं काही असेल तर ते बंद करा. ते चालू राहिलं की मूळ दर्जाचा ट्रॅक साध्या डॉल्बीत किंवा डीटीएसमध्ये उतरवून बाहेर पडतो.

शेवटी वायर. आपल्याकडे प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही रिसीव्हरला जोडायची पद्धत आहे. टीव्हीला साधं एआरसी (टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज नेणारी एचडीएमआयची सोय) असेल तर ट्रू एचडी तिथून पुढे जातच नाही, त्याला तिची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, लागते. ऑप्टिकल वायरीतून तर स्टिरिओ पीसीएम किंवा दाबलेलं डॉल्बी-डीटीएस एवढंच जातं. म्हणून प्लेअर थेट रिसीव्हरच्या एचडीएमआयमध्ये घाला. मोबाइलवरून ब्लूटूथने ॲटमॉस अल्बम रिसीव्हरला पाठवणारेही मला भेटलेत. तिथे पोचतो तो स्टिरिओ.

मागचे स्पीकर पोटमाळ्याच्या उंचीवर

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मुंबईतल्या घरांत नेमकं हेच होतं. हॉल दहा बाय बाराचा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, दुसऱ्या बाजूला आत जायचं दार. वायरमन येतो, पाण्याच्या बाटलीएवढे दोन छोटे स्पीकर पार छताजवळ ठोकतो, केसिंग पट्टीतून वायर नेतो आणि जातो. सिनेमासाठी हे चालून जातं, कारण तिथे मागून पाऊस, गर्दी, हेलिकॉप्टर असंच काहीसं येतं.

रॉक अल्बमचं गणित वेगळं आहे. मिक्स करणारा माणूस मूळ मल्टिट्रॅक टेप घेऊन बसतो. टेपवर गिटार, ऑर्गन, पाठीमागचे गळे वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात, आणि त्यातली अख्खी गिटार किंवा पूर्ण कोरस तो मागे ठेवू शकतो. क्वीनच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'ची २००२ची डीव्हीडी-ऑडिओ एलियट शायनर यांनी मिक्स केलेली आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला तो ऑपेराचा भाग तिच्यात ऐकून बघा. गळे आपल्याभोवती उभे राहतात. ते मागचे गळे छताजवळच्या चिमुकल्या स्पीकरांतून आले तर पातळ, किनरे होतात आणि वाटतं की मागचा आवाज नीट रेकॉर्डच झालेला नाही.

मागचे स्पीकर बसल्यावर कानाच्या पातळीवर, फार तर थोडे वर हवेत. समोर तोंड करून बसलात की मधल्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या किंचित मागे. पुढचे दोन तीस-तीस अंशांवर. यासाठी सोफा भिंतीपासून दोन फूट तरी पुढे ओढावा लागतो. रोज जमत नसेल तर ऐकायच्या वेळेपुरता ओढा. मी आजही तसंच करतो आणि झालं की परत ढकलतो. स्टँडला जागा नसेल तर स्टूल चालतं. आणि पैसे मोजकेच असतील तर पुढचे मोठे आणि मागचे खेळण्यातले घेण्यापेक्षा चारही एकाच जातीचे मध्यम घ्या, हे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर अंतर. मागचा स्पीकर कानापासून तीन फुटांवर आणि पुढचा आठ फुटांवर असेल तर मागचा आवाज साधारण साडेचार मिलिसेकंद आधी पोचतो. ड्रमचा ठोका तेवढ्यानेही विस्कटतो. मेजरटेपने मोजून रिसीव्हरमध्ये आकडे भरा. मग टेस्ट टोन लावून प्रत्येक स्पीकरची पातळी सारखी करा. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप तुलनेपुरतं पुरेसं आहे. हे करताना डावा-उजवा उलटा जोडलेला नाही ना, तेही कळतं.

प्लस-मायनसही बघा. एक स्पीकर उलटा जोडला गेला की आवाज कुठून येतोय तेच कळेनासं होतं आणि बेस गळतो. वायर रिसीव्हरपासून सोडवा आणि तिचं जे टोक रिसीव्हरच्या लाल खुंटीला होतं त्याला दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलची प्लस बाजू, काळ्या खुंटीच्या टोकाला मायनस क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला पाहिजे. आत गेला तर जोडणी उलटी.

बेस घुमतोय की दुप्पट होतोय?

माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या. मी म्हटलं, "काकू, त्रास होतोय का? कमी करतो." त्या म्हणाल्या, "अरे, सगळा वेळ नाही होत. मध्येच एक सूर येतो आणि आमचं भांड्यांचं कपाट थरथरतं." त्या शब्दशः बरोबर होत्या. माझा हॉल दहा फूट रुंद आहे. एवढ्या अंतरात दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. बेस गिटारची मोकळी ए तार वाजते ५५ हर्ट्झला. म्हणजे ती तार छेडली गेली की अख्खी खोली तिच्याबरोबर वाजणार.

यावर आवाज कमी करणं हा उपाय नाही, कारण मग बाकीचे सूर मरतात. सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा. त्याला तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस गिटारचा चढता-उतरता भाग लावा आणि खोलीत वाकून, गुडघ्यांवर फिरून ऐका. जिथे सगळे सूर सारखे वाटतील तिथे सबवूफर ठेवायचा. माझ्याकडे तो कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट सरकला. त्याखाली जाड रबरी मॅट घातली. काकूंचं कपाट शांत झालं.

रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' ठेवा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो ती हद्द) ८० हर्ट्झच्या आसपास. 'स्मॉल' या शब्दाने बिचकू नका. खालचा भार सबवूफरकडे जातो इतकाच त्याचा अर्थ. 'एलएफई प्लस मेन' हा पर्याय रॉकसाठी नको, कारण तोच बेस दोन ठिकाणांहून येतो आणि चिखल होतो. एसएसीडीच्या बाबतीत आणखी एक फट आहे. डीएसडी थेट वाजवताना अनेक रिसीव्हर हा क्रॉसओव्हर लावतच नाहीत आणि बेस एकदम रोडावतो. प्लेअरमध्ये डीएसडीचं पीसीएम करून पाठवा, फरक लगेच कळेल.

मधला स्पीकर मुका आहे म्हणून मेकॅनिक बोलावणं

थांबा. तुम्ही क्वॉड मिक्स लावलेलं असू शकतं. सत्तरच्या दशकात चार चॅनेलांचं क्वॉड आलं होतं, पुढे दोन आणि मागे दोन. त्यात मधला चॅनेल नाही आणि सबवूफरचा वेगळा चॅनेलही नाही. 'डार्क साइड'चं क्वॉड मिक्स त्या अल्बमचे ध्वनी-अभियंता ॲलन पार्सन्स यांनी केलं होतं आणि २०११च्या मोठ्या संचात ते ५.१च्या सोबतीला दिलेलं आहे. 'टाइम'च्या सुरुवातीला ठणाणा करणारी घड्याळं पार्सन्स यांनी मुळात क्वॉडचं प्रात्यक्षिक दाखवायला रेकॉर्ड केली होती. म्हणून क्वॉडमध्ये ती ऐकली की वाटतं, ही आपल्या मुक्कामी पोचली. मधला स्पीकर गप्प राहणं इथे बरोबरच आहे. सबवूफरही गप्प असेल तर स्पीकर 'लार्ज' ठेवलेत का बघा.

रात्री ऐकताना

निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५ची. शिवाय शेजारी झोपलेले असतात, त्यामुळे हळू ऐकावं लागतंच. इथे दोन सेटिंग घात करतात. 'नाइट मोड' किंवा डायनॅमिक रेंज कमी करणारं काहीही हळू आणि मोठ्यातला फरक खाऊन टाकतं. रॉकमध्ये तो फरकच तर हवा असतो. दुसरं म्हणजे ऑडिसी या अनेक रिसीव्हरांतल्या ध्वनी-सुधार प्रणालीचं डायनॅमिक ईक्यू. ते चांगलं आहे, कमी आवाजात बेस भरून काढतं, पण त्याबरोबर मागचे स्पीकरही वाढवतं आणि मागची गिटार गायकाच्या डोक्यावर येऊन बसते. त्याचा 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' सिनेमासाठी शून्यावर असतो. संगीतासाठी १० किंवा १५ करा.

आणि पंखा. 'डार्क साइड' हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, अगदी हळूहळू वर येतो. तीनवर पंखा फिरत असेल तर ते पहिले ठोके ऐकूच येत नाहीत. बॉक्स ग्रिलची काच लावा, एसी असेल तर खोली आधी गार करून घ्या आणि अल्बम संपेपर्यंत तोही बंद ठेवा.

तुलना करताना

ॲटमॉसमध्ये संगीताची सरासरी पातळी वजा १८ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) वर जाऊ द्यायची नसते. स्टिरिओ गाणी बहुधा त्याहून बरीच मोठी असतात. तेव्हा एकामागोमाग एक लावली की ॲटमॉस मिळमिळीत वाटणारच. आधी आवाज वाढवून दोन्ही सारखे करा, मग मत बनवा.

आणि मूळ स्टिरिओ नीट ओळखीचं करून मगच सराउंडकडे या. संगीतकार स्टीव्हन विल्सन यांची पद्धत अशीच आहे. किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस यांचे अल्बम त्यांनी नव्याने मिक्स केले, आणि ते आधी मल्टिट्रॅकवरून मूळ स्टिरिओ मिक्स जसंच्या तसं उभं करतात, मग ते पाच चॅनेलांत उघडतात. मूळ पातळ्या, मूळ प्रतिध्वनी सांभाळला गेलाय का हे ऐकायचं तर मूळ कानात असावं लागतं. किंग क्रिमसनचा १९६९चा पहिला अल्बम आणि त्याचं २००९चं मिक्स हे माझ्या मते शिकायला सर्वांत चांगलं जोडपं. मागच्या स्पीकरला कान लावून 'इथे काय आहे' हे शोधत बसू नका. ते मिक्स एका जागी बसलेल्या माणसासाठी केलेलं आहे.

प्लग लावण्याआधी

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ साली बंद झालं. आता अशा डिस्क आणि त्या वाजवणारे जुने प्लेअर बहुधा परदेशातून किंवा सेकंडहँड येतात. जपानी घरगुती प्लेअर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० व्होल्टचा. माझ्या मावसभावाने तसा एक थेट आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावला आणि पॉवर सप्लाय क्षणात गेला. मागच्या पट्टीवर '१००–२४०' लिहिलेलं नसेल तर लॅमिंग्टन रोडवरून योग्य वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणेपर्यंत तो खोक्यातच राहू द्या. डिस्कच्या वेष्टणावर सराउंडचा उल्लेख आहे ना ते आणि आतली पुस्तिका मात्र लगेच बघून ठेवा. ट्रान्सफॉर्मर आला की त्याच संध्याकाळी, सोफा पुढे ओढून, पंखा बंद करून लावता येईल.