वाकळ घेतली का? दौडीत खुर्ची ढकलायला जाण्याआधी

सगळ्यात आधी वाकळ घ्या. बाकीचं मग वाचा.

गेल्या वर्षी २६ जानेवारीला तालुक्याच्या गावी दहा किलोमीटरची दौड होती. आमच्या गल्लीतल्या एका पोराची चाकाची खुर्ची ढकलत मी ती धावलो. पोरगा म्हणजे सत्तावीस वर्षांचा गडी, विहिरीच्या कामावर पडला आणि छातीखालचं अंग गेलं. निघताना त्याच्या आईनं माझ्या हातात वाकळ दिली. "हे राहू दे संगं, बाबू." मी ती टेम्पोच्या सीटवर ठेवली आणि तिथंच विसरलो. विसरलो म्हणतो, पण खरं म्हणजे मला ती नकोच होती. अंगात नवा टी-शर्ट, छातीवर नंबर, फोटो निघणार, त्यात जुन्या लुगड्यांची वाकळ कुठे मिरवता! यंदा परत जायचं आहे आणि गावातली आणखी दोन पोरं ढकलायला तयार झाली आहेत. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि उघड्या शिवारातली पहाट कशी असते ते ओलिताला जाणाऱ्याला विचारा. आपण धावतो, दुसऱ्या किलोमीटरला घाम फुटतो, टोपी काढाविशी वाटते. खुर्चीतला माणूस मात्र बसलेला असतो. त्याचं काहीच हलत नाही, वरून आपल्या धावण्याचा वारा त्याच्याच तोंडावर. त्यात मणक्याला इजा असेल तर इजेच्या खालचं अंग कुडकुडत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या थंडीत आवळून ऊब धरून ठेवत नाहीत, आणि पाय गार पडले ही खबर डोक्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून "थंडी वाजते का?" हा प्रश्न कामाचा नाही. मी तीनदा विचारला. तीनदा तो म्हणाला, "नाही ना भाऊ, पळ तू." सातव्या किलोमीटरला त्याची जीभ जड झाली, शब्द ओढत बोलायला लागला. हात धरला तर हँडपंपाच्या दांड्यासारखा गार. वाकळ टेम्पोत, टेम्पो बसस्टँडमागे.

तर वाकळ. नुसती मांडीवर टाकायची नाही, कोपरा चाकाच्या तारांत गेला की खुर्ची जागेवर फिरते. त्याच्या आईनं यंदा ती तीन बाजूंनी शिवून पोत्यासारखी केली आहे, पाय आत घालायचे आणि कमरेला नाडी. वरून रेनकोटची पँट, वारा अडतो. कानटोपी, हातमोजे. दर दोन किलोमीटरला थांबून मानेला आणि पोटाला हात लावून बघा, बोलतं ठेवा. नऊनंतर ऊन चढलं की उलटं होतं: इजेखालच्या अंगाला घामही येत नाही, तेव्हा कपडे उतरवा, ओला दुपट्टा मानेवर ठेवा.

परवानगी. सगळ्याच दौडींत चाकं चालत नाहीत. फोनवर "या की" म्हणतात आणि सकाळी गेटवर दुसराच माणूस उभा असतो, म्हणून मेसेजमध्ये लेखी घ्या. सुटायचं सगळ्यांच्या पाच मिनिटं आधी किंवा सगळ्यांच्या मागून, मधोमध नाही.

आता खुर्ची. परदेशात यासाठी तीन चाकांची वेगळी गाडी मिळते, पुढचं चाक मोठं. आपल्याकडे शिबिरातली घडीची खुर्चीच असते आणि तिची पुढची दोन लहान चाकं हाच सगळा घोळ आहे. गिट्टीत रुततात, वेगात थरथरतात, डांबराच्या फुटक्या कडेला अडली की मागचा माणूस थांबत नाही आणि पुढचा तोंडावर जातो. उपाय एकच: खराब पट्टा दिसला की मागच्या दांडीवर पाय देऊन खुर्ची मागे कलती करायची आणि दोन मोठ्या चाकांवर काढायची. हे दौडीच्या दिवशी शिकायचं नसतं. आम्ही पंधरा दिवस आधीपासून खुर्चीवर ढेपीचं पोतं बांधून नहराच्या रस्त्यानं ढकलली. पोतं तक्रार करत नाही, त्यामुळे शेवटचे चार दिवस खऱ्या माणसाला बसवा. ब्रेकर दिसला की ओरडून सांगायचं, उतारावर कधीही पळायचं नाही, अंग मागे टाकून चालत उतरायचं. एका हातानं ढकला, दुसरा मोकळा झुलू द्या, मग बदला, नाहीतर खांदे भरून येतात.

कासरा विसरू नका. जुन्या बॅगेचा पट्टा खुर्चीच्या दांडीला आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. ठेच लागून आपण पडलो तर खुर्ची एकटी उतारानं जाऊ नये म्हणून. त्याच्या छातीला रुंद पट्टा, कारण धड सावरत नाही. दोरी बांधू नका, काचते आणि त्याला कळत नाही. पिंढऱ्यांच्या मागून एक पट्टा हवा, पाय पायटीवरून घसरून रस्त्यावर घासत गेला तरी तो सांगणार नाही. सांगू शकत नाही. आणि पायांवर वाकळ, हे आलंच.

हवा आदल्या रात्री भरा, सकाळी परत दाबून बघा. बाभळीचा काटा, सराटे. ट्यूब, पंप, पाना, पंक्चरचं सामान. पुढे काही सांगत नाही, सायकल चालवलेल्याला माहीत असतं.

बसायची उशी त्याची रोजचीच घ्या, नवी घेऊन प्रयोग नको. एकाच जागी दाब राहिला की कातडी मरते आणि ती जखम महिनोन्‌महिने जात नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून त्याला हातांवर जोर देऊन अंग उचलू द्या, जमत नसेल तर पुढे वाकवा. लघवीची पिशवी सुटायच्या आधी रिकामी, नळी पट्ट्याखाली दबलेली नको. हे लाजत विचारायचं काम नाही. इजा डी-६ म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याच्या वर असेल तर नळी तुंबून मूत्राशय भरल्यानंच रक्तदाब एकदम भडकू शकतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम फुटतो. असं दिसलं की दौड तिथंच संपली. ताठ बसवा, पट्टे सैल करा, नळी तपासा, ॲम्ब्युलन्सवाल्याला हाक मारा. त्याची इजा कोणत्या मणक्याला आहे ते कागदावर लिहून खिशात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतो.

वेळेचा नाद सोडा. अमेरिकेतल्या डिक आणि रिक होइट या बापलेकांनी १९७७ साली पाच मैलांच्या शर्यतीपासून असं धावणं सुरू केलं. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्या पहिल्या शर्यतीत ते शेवटून दुसरे आले. याच जोडीनं १९९२ मध्ये पूर्ण मॅरेथॉन दोन तास चाळीस मिनिटांत मारली, पण मधली पंधरा वर्षं विसरू नका. आम्ही शेवटून पहिले आलो.

वेग किती ठेवायचा हे बसलेल्यानं ठरवायचं. आमचा गडी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, नादातला. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं पटाला मोकळीक दिली तेव्हा पहिला फोन मला त्याचाच आला होता. तो म्हणतो, "मी धुरकरी, तू बैल." बैलाला टोचायची तुतारी तेवढी नाही हातात. खुर्चीला बैलाची घुंगरमाळ त्यानंच बांधायला लावली, आणि ती फार कामाची निघाली: पुढचे धावणारे आवाज ऐकून आपोआप बाजूला होतात, घसा फोडावा लागत नाही. स्टेजवर मात्र माईकवाला त्याचं नाव सोडून "आपले दिव्यांग बंधू" सुरू करतो. नावाची चिठ्ठी आधीच माईकवाल्याच्या हातात द्या. हार घालायला कोणी आलं तर त्याला विचारून.

सकाळी साडेपाचला बोलावतात आणि पाहुणे येईस्तोवर सव्वासात वाजतात. गेल्या वर्षी वाजलेच. पावणेदोन तास तो मैदानात उघडा बसला होता, थंडी तिथंच शिरली, दौडीत नुसती कळली. म्हणजे वाकळ टेम्पोतून उतरतानाच अंगावर, सुटताना नाही. कोणी फोटोसाठी काढा म्हटलं तर त्याला बाजूला करा.

आणि वाकळ नसली की पुढे काय होतं तेही ऐका. दौड संपल्यावर मैदानाच्या कडेला पऱ्हाट्यांची शेकोटी पेटली होती. मी घाईघाईनं त्याला तिच्याजवळ नेला, पाय विस्तवाकडे केले, बरं वाटलं मला. त्याला उजव्या पायाचं काहीच कळलं नाही. मीही तर्रीपोहे खात उभा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई मोजा काढायला गेली तर मोज्याबरोबर कातडी आली. नऊ आठवडे पट्टी. मी रोज संध्याकाळी जात होतो, ती मला काही बोलली नाही, चहा ठेवायची.

म्हणून शेकोटी नाही, गरम पाण्याची बाटली पायाशी नाही, विटा शेकून नाही. ऊब द्यायची ती वाकळीनं, कोरड्या कपड्यांनी आणि पोटात गरम चहानं.

परत येताना: ओले कपडे बदला, पाय, ढुंगण, टाचा डोळ्यांनी बघा, लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर बसवू नका. खुर्ची टेम्पोत बांधा. पाणी, बिस्किटं, पिशवी रिकामी. पट्टे मोजून घ्या, एक नेहमी राहतो. वाकळ सीटवर नाही, त्याच्या अंगावर.