खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

खो-खोच्या मैदानावर चौकोनात बसलेल्या मुलीकडे एकदा नीट बघा. बोटं जमिनीला टेकलेली, एक पाय मागे, नजर समोरच्या संरक्षकावर. सगळं अंग ताणलेलं असतं, पण पाठीवर थाप आणि कानावर 'खो' आल्याशिवाय ती उठत नाही. उठली तर फाऊल. मी बावीस वर्षं नागपुरात शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवते आहे. घरच्या भिंगरी कुत्रीला ॲजिलिटी, म्हणजे कुत्र्यांचा अडथळे पार करायचा खेळ, शिकवायला घेतला तेव्हा पहिले चार महिने मी तिलाही एवढंच शिकवलं. उड्या, बोगदा, काठ्या सगळं त्यानंतर.

भिंगरी गावठी आहे. पोळ्याच्या दिवशी, धो धो पावसात, शाळेच्या स्टेजखाली सापडली. तेव्हा दोनेक महिन्यांची होती. आज सोळा महिन्यांची आहे, वजन सतरा किलो. बेल वाजली की जागच्या जागी तीन चकरा, मग गेटवर उडी, मग दिवाण, मग परत गेट. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अवो मॅडम, हिला पळवा चांगली, थकली की बसते गुमान." पैसे घेऊन आलेल्या एका प्रशिक्षकानेही तेच सांगितलं. मी दीड महिना तिला पहाटे अंबाझरीच्या बाजूला पळवत नेली. दीड महिन्यानंतर ती तेवढंच पळून यायची आणि चप्पल काढायच्या आत गेटवर चढलेली असायची. तिचा दम वाढला होता, बाकी काही बदललं नव्हतं. शिवाय आठ महिन्यांच्या पिल्लाला डांबरी रस्त्यावर रोज लांब पळवणं त्याच्या सांध्यांना बरं नाही. ते मी बंद केलं, तुम्ही सुरूच करू नका.

ज्यांनी हा ॲजिलिटीचा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळेत लोकांच्या करमणुकीसाठी म्हणून तो पहिल्यांदा दाखवला गेला. कल्पना घोड्यांच्या अडथळे ओलांडायच्या स्पर्धेवरून घेतलेली. कुत्र्याने उड्या, बोगदा, काठ्यांची रांग, उंच फळी, त्रिकोणी चढ आणि सीसॉ ठरलेल्या क्रमाने पार करायचे. गळ्यात दोरी नाही, माणसाच्या हातात खाऊ नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. माणूस बाजूने पळतो आणि आवाजाने, हाताने, खांद्याने वाट दाखवतो. म्हणजे कुत्रं वेगात असतानाही त्याचा कान आणि डोळा तुमच्याकडे हवा. उतावळ्या कुत्र्याकडे वेग जन्मापासून असतो. कान-डोळा आपल्याला कमवावा लागतो.

सुरुवात शब्दांपासून करा. मराठी घरात एक घोटाळा हमखास होतो. आपण कुत्र्याला 'बस' म्हणतो आणि दिवसभर 'बस्स झालं', 'बास कर' असंही म्हणत असतो. त्याच्या कानाला हे सगळं एकच. तसंच बरोबर केल्यावर 'येस' म्हणायची पद्धत व्हिडिओ बघून लागते आणि बोलवायचा शब्द असतो 'ये'. भिंगरी पाटावर पाय ठेवायची, मी 'येस' म्हणायचे आणि ती पाट सोडून माझ्याकडे यायची. तिची काहीच चूक नव्हती. मी शब्द बदलले. बसण्यासाठी 'खाली', बोलवायला 'ये', बरोबर केलं त्या क्षणाला 'टिक', आणि सुटायला 'खो'. घरातल्या सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे. आमच्या सासूबाईंनी ते फ्रिजवर लिहून लावले आहेत.

पहिला धडा सतरंजीचा. एक छोटी सतरंजी घ्या, ती फक्त या कामासाठी. व्हरांड्यात अंथरा, बाजूला खुर्चीवर बसा. कुत्र्याने तिच्यावर पाय ठेवला की खाऊचा तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये ठेवा. हातातून भरवू नका, टाकूही नका, ठेवा, सावकाश. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मी उकडलेलं चिकन नाहीतर पनीर वापरते आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करते. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा असलेलं काही द्यायचं नाही, ते कुत्र्याला विषारी आहे. सुरुवातीला कुत्रं ताठ झोपतं, मागचे दोन्ही पाय अंगाखाली, कधीही उठायच्या तयारीत. तुम्हाला वाट बघायची आहे ती कंबर एका बाजूला कलंडण्याची. भिंगरीला त्याला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी तिचं मागचं अंग डावीकडे सैल पडलं, हनुवटी सतरंजीवर टेकली, नाकातून एक लांब श्वास निघाला. मी तुकडा ठेवला तर तिने तो मान न उचलता जिभेने ओढून घेतला. तीन मिनिटांचा हा धडा आम्ही दिवसातून दोनदा केला. आधी व्हरांड्यात, मग गेट उघडं ठेवून, मग गल्लीत पोरं क्रिकेट खेळत असताना, आणि शेवटी शाळेच्या मैदानाच्या कडेला मुलींचा सराव चालू असताना. प्रत्येक जागी पुन्हा पहिल्यापासून. 'घरी तर बसते, मैदानावर काहून नाही बसत?' असं स्वतःला विचारत राहू नका. मैदान तिच्यासाठी नवीन घर आहे.

सतरंजी जमली की खो. कुत्र्याला 'खाली' बसवा. एक पाऊल मागे जा, लगेच परत या, तुकडा तिथेच द्या. मग 'खो' म्हणा आणि सोडा. दुसऱ्या वेळी दोन पावलं. इथे लोक एक चूक करतात: दर वेळी लांब जाऊन तिथून बोलावतात. मग कुत्रं बसतं, पण त्याचं वजन पुढच्या पंजांवर असतं, ढुंगण जमिनीपासून दोन बोटं वर. पाच वेळा दूर गेलात तर चार वेळा परत येऊन जागेवरच खाऊ द्या, एकदाच खो द्या. आणि 'खो' म्हणताना हात, मान, खांदा काही हलवू नका. माझ्या शाळेतल्या पोट्टींनीच हे पकडलं. मी खो म्हणायच्या आधी नकळत उजवा खांदा वळवत होते आणि भिंगरी खांद्यावर सुटत होती. "मॅडम, तुम्ही अर्धा खो आधीच देऊन राहिल्या," सातवीतली एक जण म्हणाली. तिचं बरोबर होतं. खांदा मी आवरला, चार दिवसांत भिंगरी जागची हलेनाशी झाली.

आधीच उठलं तर रागवू नका, हाक मारू नका. शांतपणे परत त्याच जागी न्या, अंतर निम्मं करा. सलग दोनदा उठलं तर तुम्ही फार पुढे गेला आहात.

याच काळात दोरीचा खेळ सुरू करा. जुन्या सुती ओढणीची घट्ट वेणी घालून मी दोरी केली. दहा सेकंद जोरात ओढाओढी, मग माझे हात गुडघ्याशी स्थिर, दोरी मेलेली. 'सोड' म्हटलं, सोडली, बसली, की लगेच 'खो' आणि पुन्हा ओढाओढी. जोश चढवायचा आणि उतरवायचा, दोन्ही एकाच खेळात. उतावळ्या कुत्र्याला चढणं येतंच, त्याला उतरण्याची सवय लागते ती इथे.

आता वय आणि ऊन. वाढत्या कुत्र्याच्या हाडांच्या टोकांना मऊ वाढीचे भाग असतात. ते बंद व्हायला जातीप्रमाणे वर्ष-दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींना त्याहूनही जास्त. तोवर पूर्ण उंचीच्या उड्या आणि घट्ट रांगेतल्या काठ्या नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांतही अठरा महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरवत नाहीत. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून कंबर आणि गुडघे तपासून घ्या. नागपुरात मार्च ते जून सरावाची वेळ पहाटे पाच ते साडेसहा, बस. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, तर आम्ही मैदान बंदच ठेवतो आणि कूलरसमोर सतरंजीचे धडे करतो. उलटा तळहात जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. जीभ रुंद आणि गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटले तर सावलीत न्या, पोटावर आणि मांड्यांच्या आत साधं पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात आपली काळी माती घसरते आणि गोचिड चढतात, सरावानंतर कानांच्या आत आणि बोटांच्या मध्ये हात फिरवून बघा. खरा मोसम दिवाळीपासून होळीपर्यंत.

उड्यांना परवानगी नाही तोवर जेवायचा पाट काढा. पुढचे दोन पाय पाटावर, आणि मागच्या पायांनी पाटाभोवती गोल फिरायचं. बहुतेक कुत्र्यांना आपल्याला मागे पाय आहेत हे ठाऊकच नसतं. ते पुढून ओढत नेतात, मागचं अंग फरफटत येतं. हे पाटाचं काम आलं की पुढे फळीवरून पडणं टळतं. शिडी जमिनीवर आडवी टाकून तिच्या पायऱ्यांमधून सावकाश चालवणं हेही त्यातलंच.

सामान घरी होतं. इतवारी बाजारातून पीव्हीसी पाइप आणि जोड आणले. उडीची दांडी नुसती टेकवलेली असू द्या, कधीही बांधू नका. पाय लागला तर ती पडलीच पाहिजे, नाहीतर कुत्रं पडेल. आमची दांडी अजून वीस सेंटीमीटरवर आहे. भिंगरी खांद्याला पन्नास सेंटीमीटर भरते, म्हणजे स्पर्धेत मोठ्या गटात, ५५ ते ६० च्या दांड्या. ते पुढच्या वर्षी. कापडी बोगदा सोपा: आधी दाबून हातभर करा, पलीकडून हाक मारा, मग लांबवत जा, आणि दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावा म्हणजे तो गडगडणार नाही. फक्त तो जास्त करू नका. उतावळ्या कुत्र्यांना बोगद्याचं वेड लागतं, मग दिसला की सगळं सोडून आत.

काठ्यांची रांग मात्र जीव लावून शिकवा. बारा काठ्या, दोन काठ्यांत साठ सेंटीमीटर, आणि शिरताना पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला असली पाहिजे. मी बघितलं तेव्हा मला ती आमची साखळीच वाटली: संरक्षक मुलगी बसलेल्या गड्यांमधून आत-बाहेर नागमोडी पळते ना, तीच. साखळी शिकवताना आम्ही आधी गडी लांब लांब बसवतो. इथेही तसंच करा. एकाआड एक काठी बाहेर सरकवून मधून सरळ गल्ली ठेवा, इतकी रुंद की कुत्रं न वळता धावत जाईल. दर आठवड्याला गल्ली दोन बोटं अरुंद करायची. रोज चार-पाच फेऱ्या, त्याहून जास्त नाहीत, आणि हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी गल्ली पूर्ण बंद करायची नाही. बांबू वापरू नका, त्याच्या टोकदार कपच्या निघतात. लोखंडी सळी मातीत ठोकून तिच्यावर पाइप चढवलेला बरा.

मध्यंतरी घडलेली एक गोष्ट सांगते. तीन उड्या आणि बोगदा असा छोटा रस्ता लावला होता. दुसऱ्या उडीनंतर पुढे कुठे हे मलाच आठवेना आणि मी थांबले. भिंगरी माझ्याकडे वळली, दोनदा भुंकली, आणि झेप घेऊन माझा कुर्ता कोपराजवळ धरला. बाही फाटली, दात कातडीला लागले. ती रागावली नव्हती. ती पूर्ण वेगात होती आणि पुढचा शब्द आला नव्हता. तेव्हापासून मी रस्ता आधी कुत्रीशिवाय चालते, पाच-सहा वेळा, हात आणि खांदे वळवत, तोंडाने शब्द म्हणत. पुढचा शब्द कुत्रं उडीवर झेप घ्यायच्या आधी निघाला पाहिजे, खाली आल्यावर नव्हे. धावताना तुमचं कुत्रं भुंकत असेल, गोल फिरत असेल, कपडे धरत असेल तर आधी तुमचा शब्द कधी येतो ते मोबाइलवर चित्रीकरण करून बघा.

उंच फळीची तयारी जमिनीवर टेकवलेल्या तीस सेंटीमीटर रुंद फळीने होते. फळीच्या टोकाला पिवळा रंग द्या, कुत्र्याला पिवळा आणि निळा चांगले दिसतात. स्पर्धेत उतरताना त्या रंगीत भागावर पाय पडावाच लागतो आणि उतावळी कुत्री नेमकी तिथूनच उडी मारतात. म्हणून टोकाशी थांबणं शिकवा: मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन मातीत, आणि खो मिळेपर्यंत तसंच.

सीसॉ आम्ही आत्ता हाती घेतला आहे, पण फळीपासून नाही, आवाजापासून. स्वयंपाकघरात स्टीलची थाळी एका कडेने बोटभर उचलायची आणि ओट्यावर सोडायची, आवाज झाला की तुकडा. पहिल्या दिवशी भिंगरी दिवाणाखाली गेली. आता थाळी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली की ती स्वतः पंजा मारून वाजवते आणि सतरंजीवर जाऊन बसते. या आठवड्यात थाळीच्या जागी लाकडी फळी येईल, खाली घडी केलेली गोधडी घालून.