स्नोमोबाइलचा क्लच तापतोय? आधी बाजूचे पॅनल काढून बघा

डोंगरातल्या भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइलचा बेल्ट (क्लचच्या दोन पुल्यांमधला, इंजिनाची ताकद पुढे नेणारा रबरी पट्टा) वारंवार जळायला लागला की बरेच जण थेट क्लच खोलायला बसतात. त्याआधी क्लचच्या बाजूचे पॅनल काढा (बहुतेक गाड्यांत ते डावीकडे असते) आणि त्याची आतली बाजू उजेडात धरा. बोटाला हलकी काळसर धूळ लागली तर चिंता नको, बेल्ट थोडा झिजणारच. काळ्या भुकटीचा दाट थर असेल, तर बेल्ट घसरतोय. कमानीसारखा ताजा ओरखडा दिसला, तर क्लच किंवा बेल्ट पॅनलला घासतोय. पाण्याचे ओघळ दिसले, तर ते जिथून सुरू होतात तिथूनच बर्फ आत येतोय.

पॅनलकडे केवळ दिखाऊ प्लास्टिक म्हणून बघू नका. क्लचला हवा देणे आणि बर्फ बाहेर ठेवणे, ही दोन्ही कामे तेच करते. पॅनलवरची हवेची जाळी बर्फाने बुजली की क्लच तापतो. जाळी फाटली की बेल्ट ओला होऊन घसरतो, आणि घसरणारा बेल्टही तापतो. फाटलेली जाळी बदला. बर्फ अडवून हवा आत सोडणारे बारीक कापडी आवरण लावले तरी चालते. वारा येणारी भोके टेपने पूर्ण बंद करणे मात्र चुकीचे आहे. बेल्ट कोरडा राहील, पण भाजून निघेल. थांबाल तेव्हा जाळीवरचा बर्फ हाताने झटकायची सवय ठेवा.

हात घालण्याआधी इंजिन बंद करा आणि टेदर (चालकाला बांधलेली, निघाली की इंजिन बंद करणारी दोरी) काढा. गार्ड (बेल्टवरचे संरक्षक आवरण) किंवा पॅनल काढलेल्या अवस्थेत इंजिन चालवू नका. 8000 आरपीएमला तुटलेल्या बेल्टचे तुकडे अडवायला तेवढेच असते.

क्लचची रचना गिअर नसलेल्या स्कूटरसारखीच आहे. इंजिनाच्या क्रँकवरच्या पुलीतली, म्हणजे प्रायमरीतली, वजने वेगाने बाहेर फेकली जातात, पुलीच्या तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. ट्रॅक (गाडीखालचा, बर्फावर फिरणारा रुंद पट्टा) फिरवणाऱ्या दुसऱ्या पुलीत, म्हणजे सेकंडरीत, स्प्रिंग आणि हेलिक्स (तिरक्या उतारांचा भाग) मिळून त्याला आवळून धरतात. दाब कमी पडला की बेल्ट घसरतो. म्हणून दहा मिनिटे जोर देऊन चालवा, थांबा, इंजिन बंद करा आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुल्यांचे तापमान घ्या. एक बरीच जास्त तापली असेल, तर घसरण तिथे शोधा. दोन्ही सारख्याच तापल्या असतील, तर हवेचा मार्ग, झिजलेला बेल्ट किंवा खोल बर्फात फार हळू रेटत राहणे, यांतले काहीतरी कारण असते.

आता टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा काटा. चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन आकडा बघा. सध्याच्या 850 सीसी टू-स्ट्रोक इंजिनांची कमाल ताकद साधारण 7900 ते 8250 आरपीएमच्या पट्ट्यात मिळते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आरपीएम जास्त आणि वेग कमी, तर बेल्ट घसरतोय किंवा वजने हलकी आहेत. आरपीएम कमी, तर वजने जड आहेत. उंचीचा हिशेब इथेच येतो: दर 300 मीटरला इंजिनाची ताकद सुमारे 3 टक्के घटते. म्हणजे 3000 मीटरवर जवळपास 30 टक्के ताकद गेलेली असते, आणि पायथ्याशी बरोबर वाटणारी वजने तिथे इंजिनाला दाबून टाकतात. ढोबळ अंदाज असा की प्रत्येक वजनातून 1 ग्रॅम कमी केला की आरपीएम सुमारे 100 ने वाढतात. बदल सगळ्या वजनांत सारखाच करा, नाहीतर क्लच थरथरेल आणि क्रँकच्या बेअरिंगवर ताण येईल. स्की-डू कंपनीच्या बऱ्याच गाड्यांच्या प्रायमरीवर बाहेरूनच फिरणारे स्क्रू असतात. एक आकडा वाढवला की साधारण 200 आरपीएम वाढतात. तिथेही सगळे स्क्रू एकाच आकड्यावर हवेत. कंपनीतूनच टर्बो बसवून आलेल्या गाड्यांची ताकद उंचीवर बरीच टिकते, त्यामुळे साध्या इंजिनाचा वजनांचा तक्ता त्यांना लावू नका.

काढलेला बेल्ट फेकू नका, तो नीट वाचा. कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर तो घसरून तापलाय. एकाच जागी कंबर बारीक झाली असेल, तर ट्रॅक गोठलेला किंवा बर्फात रुतलेला असताना थ्रॉटल दिला गेलाय. अशा वेळी आधी मागचा भाग उचलून ट्रॅक मोकळा करायला हवा. एका बाजूने दोरे सुटले असतील, तर दोन क्लच एका रेषेत नाहीत. इंजिनाचे रबरी माउंटही तपासा. माउंट सैल झाले की जोर देताना इंजिन सरकते आणि क्लच पॅनलला घासतो. ओरखड्याचे कारण बऱ्याचदा हेच निघते, पॅनल वाकवून काही होत नाही.

नवा बेल्ट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. बसवताना त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा. बाण नसेल, तर अक्षरे गाडीच्या डावीकडून वाचता आली पाहिजेत. पहिले 50 किलोमीटर पूर्ण थ्रॉटल टाळा. बेल्ट सेकंडरीत किती उंच बसतो ते मॅन्युअलप्रमाणे जुळवा. घट्ट असेल, तर इंजिन नुसते चालू असतानाही गाडी पुढे सरकते. ढिला असेल, तर सुरुवातीला ओढ लागत नाही.

बर्फातच बेल्ट बदलायची वेळ आली, तर आधी हिमस्खलनाच्या उताराखालून गाडी बाजूला न्या, गाडी हलत नसेल तर निदान माणसांनी तिथे थांबू नये. नंतर:

1. पॅनल आणि गार्ड काढा.
2. गाडीसोबत आलेला बोल्ट सेकंडरीत पिळून तबकड्या फाकवा.
3. बेल्ट आधी सेकंडरीवरून, मग प्रायमरीवरून काढा. नवा बसवताना उलट क्रम.
4. बोल्ट बाहेर काढल्याची खात्री करूनच गार्ड आणि पॅनल लावा.

बेल्ट फुटला असेल, तर नवा टाकण्याआधी प्रायमरीच्या मागे क्रँकच्या सीलभोवती बघा. तिथे गुंडाळलेले दोरे सील खातात. प्रत्येक दोरा चिमट्याने काढा, जवळच्या वायरी आणि कूलंटचे पाइप कुठे कापले गेलेत का ते तपासा.

घरी आल्यावर तबकड्यांवर चिकटलेले रबर बारीक घासणीने काढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. क्लचच्या बुशला तेल किंवा ग्रीस लावू नका. त्यावर बेल्टची धूळ बसते आणि क्लच अडकायला लागतो. गाडी झटक्याने उठत असेल, तर दोष बहुधा इथे सापडतो: रोलर बोटाने फिरवा, अडखळला तर सपाट झालाय. वजनांच्या वाकावरून नख फिरवा, खाच लागली तर पूर्ण संच बदला. स्प्रिंगची लांबी नव्याशी ताडून बघा. प्रायमरीचे कव्हर स्प्रिंगच्या दाबाखाली असते, म्हणून त्याचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे ढिले करा आणि उघडण्याआधी खुणा करून ठेवा, म्हणजे तोल बिघडणार नाही. प्रायमरी उतरवायची असेल, तर तुमच्या क्लचसाठीचा पुलर लागतोच. हातोडा मारलात, तर क्रँक जाईल. परत बसवताना टेपर (क्रँकचे निमुळते टोक) स्वच्छ आणि कोरडा ठेवा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा.

शेवटी पॅनलची दुरुस्ती. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून कानाच्या खाचा तुटतात त्या बहुधा घाईत ओढल्यामुळे. खाचांतला बर्फ आधी काढा, मग पॅनल सरळ बाहेर ओढा. तडा गेला, तर त्याच्या टोकाला 3 मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. बर्फात असाल, तर दोन्ही बाजूंनी भोके पाडून झिप-टायने टाके घाला. घरी प्लास्टिक वेल्डिंग करा. पॉलिप्रोपिलीनवर साधा गोंद धरत नाही. रिव्हेट मारायचा असेल, तर मागे वॉशर घाला. सायलेन्सरच्या बाजूचे पॅनल वितळत असेल, तर नवे पॅनल मागवण्याआधी आतला चकाकणारा उष्णतारोधक पत्रा सुटलाय का आणि सायलेन्सरच्या जोडावरची एखादी स्प्रिंग गळून पडलीय का ते बघा. जोडातून निसटणारा गरम धूर नवे पॅनलही वितळवेल.