जुन्या पेटंटची आकृती कामाच्या भिंतीवर: स्कॅनपासून खिळ्यापर्यंत

तीन आकृत्या पुरतात. दहा लावल्या की एकीकडेही नजर ठरत नाही. निवडही टेबलावरच्या कामाशी जुळणारी हवी. लिहिण्याचं काम असेल तर शोल्स आणि सहकाऱ्यांचा टाइपरायटर (अमेरिकी पेटंट ७९२६५, वर्ष १८६८), आकडेवारीचं असेल तर हॉलरिथची पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांची पद्धत (३९५७८२, १८८९), संगणकाचं असेल तर एंगेलबार्टचा माऊस (३५४१५४१, १९७०). पेटंट शोधा ते क्रमांकानेच. माऊसच्या पेटंटच्या शीर्षकात ‘माऊस’ हा शब्दच नाही. तिथे त्याला डिस्प्ले यंत्रणेचा ‘एक्स-वाय स्थानदर्शक’ म्हटलंय.

गुगल पेटंट्सवरून पीडीएफ उतरवा आणि ज्या पानावर एकच मोठी आकृती आहे ते पान घ्या. अमेरिकी पेटंटमधल्या आकृत्यांवर सहसा कॉपीराइट नसतो, त्यामुळे घरच्या भिंतीसाठी वेगळी परवानगी लागत नाही.

स्कॅनची सफाई

बहुतेक जण चुकतात ते इथे. हे स्कॅन निव्वळ काळे-पांढरे असतात, मधली राखाडी छटा त्यात नसतेच. घनता इंचाला साधारण ३०० बिंदू. पडद्यावर पान सुबक दिसतं, पण ए३ वर ताणलं की घनता २०० च्या आसपास उतरते. मग तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात आणि चाकाचा घेर करवतीसारखा दातेरी होतो.

यावर सर्रास दिले जाणारे दोन सल्ले साफ चुकीचे आहेत. पहिला, मूळ स्कॅनवर थेट ‘ऑटो ट्रेस’ चालवायचा, म्हणजे बिंदूंच्या चित्राचं आपोआप व्हेक्टर (कितीही मोठ्या करता येणाऱ्या रेषांचं चित्र) करायचं. त्यात त्या पायऱ्याच व्हेक्टरमध्ये कायमच्या बसतात आणि भागांचे बारीक आकडे गोळे होतात. दुसरा, एआयने चित्र मोठं करायचं. ते साधन नसलेल्या रेषा भरतं, ३ चा ८ करतं, सह्यांची अक्षरं बदलतं. पेटंटच्या आकृतीत प्रत्येक आकडा मजकुरातल्या एकेका भागाकडे बोट दाखवतो. तो बिघडला तर भिंतीवर राहते ती नुसती नक्षी.

गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडताना रिझोल्यूशन ३०० लिहा. त्याहून कमी ठेवलं तर बारीक रेषा उघडतानाच गळतात. मग याच क्रमाने जा: आधी ग्रेस्केल (राखाडी छटांचं चित्र), मग स्केलच्या ‘क्युबिक’ पर्यायाने तिप्पट आकार, मग पानाचा तिरकेपणा काढणं, मग २ ते ३ पिक्सेलचा गॉशियन ब्लर (कडा पुसट करणारा फिल्टर) आणि सगळ्यात शेवटी थ्रेशोल्ड (दिलेल्या आकड्याहून गडद ते काळं, फिकट ते पांढरं), १२७ च्या आसपास. ब्लरमुळे पायऱ्यांच्या कडा राखाडी होऊन एकमेकींत मिसळतात. थ्रेशोल्ड त्या राखाडीतून नवी, गुळगुळीत कड कापून काढतो. क्रम उलटा केलात, म्हणजे काळ्या-पांढऱ्या अवस्थेतच पान फिरवलंत, तर सरळ रेषा जागोजागी तुटतात.

परीक्षा छायेच्या रेषांवर होते. गोलाई दाखवायला चितारी एकमेकींना खेटून समांतर रेषा ओढत. ब्लर जास्त झाला की त्या चिकटतात आणि तिथे काळा डाग उरतो. असं दिसलं तर थ्रेशोल्ड १०-१५ ने खाली आणा, रेषा बारीक होतील. तरीही चिकटल्या तर मागे जाऊन ब्लर कमी करा.

धूळ काढायला ‘डिस्पेकल’ फिल्टर अजिबात वापरू नका. तो धुळीबरोबर तुटक रेषा आणि ठिपक्यांची छायाही खातो. पांढरा ब्रश घ्या, २०० टक्के झूम करा, वीसेक मिनिटं द्या. खालच्या कडेच्या साक्षीदारांच्या आणि संशोधकाच्या सह्या मात्र राहू द्या, पानाचा अर्धा जीव त्यांत आहे.

ए३ साठी इथेच थांबा. तिप्पट केलेलं पान इंचाला सुमारे ६०० बिंदूंनी छापलं जातं. ए२ किंवा मोठं हवं असेल तरच ही साफ प्रत इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करा. तिथेही बारीक ठिपके गाळणारा ‘स्पेकल्स’ पर्याय बंदच ठेवा.

छपाई आणि फ्रेम

पार्श्वभूमी निळी करू नका. निळा रंग ब्लूप्रिंटचा, म्हणजे नकला काढण्याच्या रासायनिक पद्धतीचा. पेटंट कार्यालय पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या रेषा मागत असे. चहाचे खोटे डागही नकोत. किंचित पिवळसर मॅट कागद, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वर, आणि पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची). डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उन्हाने लवकर फिकटते.

ए३ ला ४० × ५० सेंमीची फ्रेम घ्या आणि माऊंटची (प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याची) खिडकी कागदापेक्षा प्रत्येक बाजूला ५ मिमी लहान कापा. प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्यांनी लटकवा. चारही बाजू चिकटवल्या तर दमट हवेत कागदाला पसरायला जागा उरत नाही आणि तो फुगतो.

भिंत

खिडकीसमोरची भिंत टाळा, काचेत फक्त उजेड दिसेल. मॉनिटरच्या मागेही नको. उभ्याने पाहायची फ्रेम असेल तर तिचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर येतो. टेबलाशी बसून पाहायची असेल तर १२० च्या आसपास, आणि दोन फ्रेममध्ये ५ सेंमी. आधी फ्रेमच्या मापाचे कागद भिंतीवर चिकटवा, खुर्चीत बसून बघा, सरकवा, आणि मगच ड्रिल हातात घ्या.