दुखऱ्या खांद्याने फ्लाय कास्टिंग कसं करावं

फ्लाय फिशिंगमधली माशी म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून सजवलेला गळ. तिला वजन असं नसतंच. नुसत्या हातानं भिरकावली तर चार पावलांवर पडेल. वजन असतं लाइनला. लाइन मागे हवेत सरळ उलगडू द्यायची, तिच्या ओढीनं रॉड वाकतो आणि वाकलेला रॉड सरळ होताना तिला पुढे घेऊन जातो. म्हणजे जोर रॉडनं लावायचा असतो. खांदा कुरकुरायला लागला की लोक मलम बदलतात, महागडा रॉड घेतात, पट्टा बांधतात. फेकण्याची पद्धत मात्र तीच ठेवतात. माझं म्हणणं असं की आधी कोपर खाली आणा. बाकीचं बरंचसं त्यामागून येतं.

आधी दुखणं ओळखा

खांद्याच्या उखळीच्या सांध्याला चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा धरून ठेवतात. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या सर्वांत वरच्या स्नायूची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून, अगदी चिंचोळ्या जागेतून जाते. हात बाजूनं साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान उचलला की तिथे दाब येतो. कंडरा दुखावलेली असेल तर कळ नेमकी याच टप्प्यात येते. त्याच्या खाली आणि कधी कधी त्याच्या वरही हात बऱ्यापैकी मोकळा असतो.

आरशासमोर उभं राहा, हात सरळ ठेवून बाजूनं हळूहळू वर न्या आणि कळ कुठे सुरू होते ते बघा. ती उंची लक्षात ठेवा. फेकताना कोपर तिच्यावर जाता कामा नये. वरून फेकायची नेहमीची पद्धत कोपराला पुन्हा पुन्हा याच टप्प्यात नेते, आणि तेही वाकलेल्या रॉडचा ताण हातावर असताना. दिवसभरात असं शेकडो वेळा झालं की खांदा धरतो, त्यात नवल नाही.

खांदा आखडला असेल, म्हणजे ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात तसं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे हात जवळजवळ सगळ्याच दिशांना अडतो, दुसऱ्यानं उचलला तरी वर जात नाही. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. अशा वेळी आधी उपचार, मग रॉड. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, रात्री दुखण्यानं झोपमोड होत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा वस्तू हातातून निसटत असतील, तर डॉक्टरांकडे जा. खांद्याबरोबर छातीत दाटून येणं, धाप लागणं, घाम फुटणं असेल तर खांद्याचा विचारही करू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि वेदनाशामक गोळी घेऊन पाण्यावर जायचं नाही. कळ दबते, कंडरेला होणारी इजा थांबत नाही.

कोपर खाली, बरगड्यांजवळ

कास्टिंग शिकवताना घड्याळाचा दाखला देण्याची जुनी रीत आहे: रॉड १० आणि २ या आकड्यांच्या मधे फिरवा. नवख्याला थोडक्यात समजवायला ठीक, पण त्यातून रॉड उभाच हवा आणि हात वर हवा असा समज पक्का होतो. लाइनला रॉड उभा आहे की आडवा, याच्याशी काही देणंघेणं नसतं. रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं, वेग हळूहळू वाढला आणि शेवटी टोक थांबलं, की झालं. मग तो रॉड बाजूला ४५ अंश कलता असला तरी चालतो.

अमेरिकेतले प्रसिद्ध कास्टर लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) हेच शिकवत: कोपर फळीवर टेकवलंय असं समजा आणि त्याच पातळीत मागेपुढे न्या. दुखऱ्या खांद्याला याहून सोयीची पद्धत मला तरी माहीत नाही.

हिरवळीवर सराव करा. गळाऐवजी लोकरीचा छोटा गोंडा बांधा. उजव्या हातानं फेकत असाल तर उजवा पाय थोडा मागे. हात-रुमालाची गुंडाळी कोपर आणि बरगड्यांच्या मधे धरा आणि आठ-नऊ मीटर लाइन बाहेर काढून फेकायला लागा. रुमाल खाली पडला, की कोपर कुठे गेलं ते आपसूक कळतं. पहिल्यांदा हात बांधल्यासारखं वाटेल. मग हळूहळू लक्षात येईल की मागे जाताना कमरेतून जरा वळलं, वजन मागच्या पायावर घेतलं आणि पुढे येताना पुढच्या पायावर आणलं, तर हाताला फारच थोडं अंतर कापायचं उरतं. हे जमलं की रुमाल काढा. आता कोपर मागेपुढे सरकू द्या, फक्त वर चढू देऊ नका.

अंगठ्याकडेही लक्ष असू द्या. रॉड बाजूला कलता धरल्यावर अंगठा वर किंवा बाहेरच्या अंगाला असावा. तो जमिनीकडे झुकला, की दंड आतल्या बाजूला पिळला जातो आणि तीच चिंचोळी जागा आणखी आवळते. बाजूनं फेकूनही खांदा दुखतो म्हणणाऱ्यांत मी हेच जास्त पाहिलं आहे.

पकड सैल. शेवटी थांबताना तेवढी मूठ आवळायची आणि लगेच सोडायची. मुठीचा कॉर्क बारीक असेल तर त्यावर टेनिस रॅकेटची पट्टी गुंडाळून जाड करा. बारीक दांडा माणूस नकळत घट्ट धरतो आणि तो ताण थेट मानेपर्यंत चढतो.

पाण्यावरून लाइन उचलणं

खांद्याची सर्वांत जास्त वाट इथे लागते, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पाण्यावर पडलेली लाइन पाण्याला चिकटून असते. रॉड छातीच्या उंचीवर धरून एकदम मागे झटका दिला, तर आधी लाइनमधली ढील निघते आणि मग सगळा भार एका क्षणात खांद्यावर येतो.

म्हणून सुरुवात टोक पाण्याला टेकवून करा. दुसऱ्या हातानं लाइन ओढत राहा, माशी हलताना दिसेपर्यंत. ती हलली म्हणजे ढील संपली. आता रॉड सावकाश उचला. लाइन पाण्यावरून सोलल्यासारखी सुटत जाईल, तिच्या कडेनं बारीक रेघ उठेल आणि ही रेघ तुमच्यापासून दूर सरकत जाईल. लाइन आणि लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा, ज्याला माशी बांधतात) जिथे जोडलेले असतात ती गाठ पाण्याबाहेर आली, की तिथून वेग वाढवा आणि थांबा. त्याआधी घाई केली तर पाणी भसकन फाटल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, भार रॉडवर नाही, खांद्यावर गेला.

लाइन पाण्यात बुडालेली असेल तर तिला तशीच उपसू नका. आधी एक छोटी रोल कास्ट (लाइन मागे हवेत न नेता केलेली फेक, पुढे सांगितली आहे) करून तिला पृष्ठभागावर आणा, मग उचला. बुडणारी लाइन आणि वजनदार माश्या मात्र खांदा बरा होईपर्यंत पेटीतच राहू द्या.

मागे वाट बघा

लाइन मागे पूर्ण उलगडायच्या आत रॉड पुढे आणला तर तो वाकतच नाही आणि हातानंच ढकलावं लागतं. लाइन जितकी लांब, तितकं जास्त थांबायचं. एक पाय मागे ठेवून जरा तिरकं उभं राहिलात तर मान न मुरगळता मागची लाइन दिसते. सुरुवातीला प्रत्येक वेळी बघाच.

हवेतल्या हवेत पाच-सहा वेळा लाइन मागेपुढे नाचवायची सवय असेल तर ती मोडा. दिसायला छान दिसतं, पण त्यातल्या एकाही फेकीनं मासा लागत नाही. एकदा उचला, फार तर एकदा हवेत फिरवा आणि टाका. लाइन सौम्य साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसलेली असेल तर रॉडच्या कड्यांमधून सुळकन सरकते आणि जास्तीची फेक आपोआप वाचते.

खांद्याला मानवणाऱ्या फेकी

रोल कास्ट सर्वांत आधी शिका. यात लाइन मागे हवेत फेकायचीच नसते. टोक सावकाश मागे आणायचं, रॉडमागे लाइनचा झोळ पडू द्यायचा, क्षणभर थांबायचं आणि पुढे टाकायचं. लाइनचा पुढचा भाग पाण्यावर टेकलेला असतो आणि पाण्याच्या त्या पकडीमुळेच रॉड वाकतो. म्हणून हिरवळीवर ही नीट जमत नाही. हात कानाजवळ नेऊन कुऱ्हाड मारल्यासारखं खाली आणणारे बरेच दिसतात. गरज नाही. कोपर खाली ठेवूनही दहा-बारा मीटर सहज जाते.

दुसरी ओव्हल कास्ट, जिला बेल्जियन कास्टही म्हणतात. मागे जाताना रॉड आडवा, खालून. मग न थांबता गोलाकार वळसा घेऊन पुढे. लाइनवरचा ताण कुठेच तुटत नाही आणि मागे थांबण्याचा झटकाही बसत नाही. वारा पाठीमागून असेल तेव्हा तर ही उत्तमच.

वारा फेकणाऱ्या हाताच्या बाजूनं असेल तर रॉड दुसऱ्या खांद्यावरून कलता करायला सांगतात. तसं करताना कोपर थेट कपाळापर्यंत चढतं. त्यापेक्षा माशाकडे पाठ करून उभं राहा आणि मागची फेक हीच खरी फेक समजून पाण्यावर सोडा. नेम थोडा चुकेल, सरावानं सुधारेल.

दुसऱ्या हातानं लाइनला हिसका देणं, म्हणजे हॉल, येत असेल तर जरूर वापरा. रॉडचा वेग वाढतो त्याच क्षणी वीतभर ओढ पुरते. लाइनला वेग मिळतो आणि रॉडच्या हाताचं काम हलकं होतं.

साधनं

रॉड आणि लाइनवर लिहिलेला आकडा लाइनच्या वजनाचा असतो. पहिल्या ३० फुटांचं वजन ५ नंबरात सुमारे ९ ग्रॅम, ८ नंबरात सुमारे साडेतेरा. फरक किरकोळ वाटतो, पण मोठ्या नंबराचा रॉडही तितकाच ताठ असतो आणि तो वाकवायचं काम शेवटी हाताकडे येतं. मासे बेताचे असतील तर ३ किंवा ४ नंबर, ८ ते साडेआठ फुटी, मधल्या भागापर्यंत वाकणारा रॉड घ्या. ताठ रॉड असेलच तर त्यावर एक नंबर जड लाइन चढवा. जवळच्या अंतरातही तो वाकेल.

दोन हातांनी धरायचे १०–११ फुटी हलके रॉडही मिळतात. त्यात ताकद खालच्या हातानं लावायची असते आणि वरचा हात टेकूसारखा राहतो. दुखरा हात खाली ठेवा, म्हणजे तो पोटाशीच काम करेल. जपानी पद्धतीच्या टेनकारा रॉडला रील, म्हणजे लाइन गुंडाळायचं चाक, नसतंच, लाइन साधारण रॉडइतकीच लांब, फेक मनगट आणि कोपरातून. छोट्या ओढ्यांवर हा चांगला पर्याय आहे. पण लांब रॉड हात पुढे ताणून तसाच धरून ठेवायची सवय लागली तर खांदा फेकून दुखला असता त्याहून जास्त दुखेल. हल्ली लोकप्रिय झालेल्या युरो निंफिंगबद्दल, म्हणजे लांब रॉड पुढे धरून बुडणारी माशी प्रवाहात वाहू देण्याच्या पद्धतीबद्दल, माझी हीच तक्रार आहे.

दुसऱ्या हातानं फेकायला शिकणं लोक उगाच टाळतात. वेळ कधी साधायची हे डोक्याला आधीच माहीत असतं, फक्त हाताला शिकवायचं असतं.

पाण्यावर

सुरू करण्याआधी टेबलाला टेकून वाका, हात लोंबता सोडा आणि लहान लहान गोल फिरवा. खवाटे मागे एकमेकांजवळ आणून सोडा, आठ-दहा वेळा. एवढं पुरे. रबरी पट्ट्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून घरी करा, पाण्याकाठी नको.

कमरेपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलात तर हात पाण्याबाहेर ठेवण्यासाठी कोपर वर जाणारच; गुडघाभर पाण्यात थांबा. सामान दुखऱ्या खांद्यावर न टांगता कमरेच्या पट्ट्यात ठेवा. पंधरा मिनिटं फेकलं की रॉड खाली ठेवा आणि पाणी न्याहाळा.

मासा लागल्यावर रॉड डोक्यावर उभा धरू नका. टोक बाजूला झुकवा, मूठ पोटाजवळ घ्या आणि रीलचा ब्रेक काम करू द्या. जाळीचा दांडा लांब असावा, म्हणजे शेवटी हात ताणावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकत असेल, तर पुढच्या वेळी लाइन दोन मीटर आखूड ठेवा आणि फेकी निम्म्यावर आणा. तरीही ठणकला, तर महिनाभर फक्त रोल कास्ट.