चांदीची काच तापवताना या चुका टाळा

काचेची स्लाइड चांदीचं मीठ मिसळलेल्या, वितळलेल्या सोडियम नायट्रेटच्या बाथमध्ये बुडवली की चांदी काचेत शिरते, पिवळा रंग मात्र नंतर भट्टीत तापवल्यावर यायला हवा. माझी पहिली स्लाइड या बाथमधून निघाली तेव्हा एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने कोरी होती. नागपुरातला मे महिना, दिवसातून दोनदा लाइट जायची, म्हणून मी आठवडाभर भट्टीलाच दोष दिला. दोष काचेचा होता. बऱ्याच स्लाइड फ्लोट काचेच्या असतात. ही काच वितळलेल्या कथलावर ओतून बनवतात आणि त्या बाजूत थोडं कथील शिरतं. ते चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं, त्यामुळे कण बाथमध्येच बनू लागतात. आधी अंधारात २५४ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा धरा. कथलाची बाजू दुधट उजळते. खूण हिऱ्याच्या टोकाने करा, मार्करची शाई बाथमध्ये टिकत नाही.

बाथही नीट वितळू द्या. सोडियम नायट्रेट ३०८ अंशांना वितळतं. ओली स्लाइड किंवा कागदाचा तुकडा त्यात पडू देऊ नका. नायट्रेट आगीला हातभार लावतं.

आता मोठी चूक. काचेत शिरलेला चांदीचा आयन बिनरंगी असतो. ५०० अंशांच्या आसपास तापवल्यावर त्याचे धातूचे नॅनोकण होतात आणि ४०० ते ४२० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतात. म्हणून काच पिवळी दिसते. पण रंग गडद झाला म्हणजे कण मोठे झाले, असं नाही. कण संख्येनेही वाढलेले असू शकतात. आकारासाठी प्रकाश-शोषणाच्या आलेखातल्या शिखराची रुंदी बघा. काही नॅनोमीटरचे कण वाढतात तसं शिखर अरुंद होतं. ते लालाकडे, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे, सरकणं बरंच पुढचं. आणि तुलनेला चांदी न घातलेली कोरी स्लाइडही तितकीच तापवा. मी ते केलं नव्हतं, सगळे आलेख पुन्हा काढावे लागले.

नागपुरात ल्युमिनिसन्सवाले, म्हणजे पदार्थांच्या चमकण्याचा अभ्यास करणारे, पुष्कळ, त्यांना सवयीने वाटतं की तापवलं की चमक वाढेल. सुटे आयन आणि मोजक्या अणूंचे पुंजके चमकतात. कण मोठे झाले की ती चमक मावळते.

लाइट मध्येच गेली तर राहिलेला वेळ पुढे जोडून भागत नाही, थंड होतानाही कण वाढतच असतात. ती स्लाइड बाजूला ठेवा, नवी घ्या. आणि कूलरच्या झोतात गरम स्लाइड बाहेर काढलीत, तर टिचकन् तडकेल.

बाथमधून काढलेली स्लाइड धुवायला नळाचं पाणी नको. त्यातल्या क्लोराइडने चांदीचा पांढरा साका बसतो आणि उजेडात काळा पडतो. डिस्टिल्ड वापरा, हातमोजेही घाला. माझ्या बोटांवरचे डाग चांगले दहा-बारा दिवस गेले नव्हते.